घरची बालवाडी : उन्हाळ्याच्या सुटीत फोनवरून लहान मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना कसं जोडून ठेवता?

मानेवाड्याची_बाई
नमस्कार मंडळी. मानेवाडा भागातल्या एका वस्तीत मी बालवाडी चालवते. यंदा पटावर २२ मुलं आहेत, वय तीन ते साडेपाच. एप्रिल लागला की नागपूरचं ऊन कसं होतं ते इथे कुणाला सांगायला नको. सकाळी सातला भरवून दहाच्या आत मुलं घरी पोचवावी लागतात, आणि मग सुटी ती थेट जूनच्या शेवटापर्यंत. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात हे योग्यच आहे, पण तीन वर्षांच्या लेकरासाठी दोन-अडीच महिने फार मोठे. गेल्या जूनमध्ये एक मुलगी दारातच थबकली आणि अनोळखी बाईकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली. मार्चमध्ये हीच माझ्या मांडीवरून उतरायला तयार नसायची. त्या दिवशी घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

म्हणून यंदा सुटीभर फोनवरून संपर्क ठेवायचं ठरवते आहे. अभ्यास घ्यायचा नाही, मुलांना पडद्यासमोर बसवायचं तर मुळीच नाही. ते २०२० मध्ये करून पाहिलंय. मार्चमध्ये सगळं बंद झालं, आणि एप्रिलमध्ये मी मोठ्या उत्साहाने व्हिडिओवर वर्ग सुरू केला. २२ पैकी नऊ मुलं यायची. प्रत्येक घरात कूलरचा घरघराट, त्यामुळे कुणाचंच ऐकू यायचं नाही. एक मुलगा रोज मला फक्त छताचा पंखा दाखवायचा, कारण फोन त्याच्या हातात आणि आई स्वयंपाकघरात. चाळीस मिनिटं मी गाणी म्हणायचे आणि मुलं आपापल्या घरात इकडे तिकडे फिरायची. आठ दिवसांत बंद केलं.

पुढे जुलै २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणाबद्दल केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' सूचना आल्या. त्यात पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटं म्हटलं होतं, आणि तीही पालकांशी बोलायला, त्यांना मार्गदर्शन करायला. ते वाचून मला हायसं वाटलं. तोवर मी त्याच वाटेला लागले होते : रात्री आठला दोन मिनिटांचा बोललेला निरोप, दिवसाला एकच काम, आणि ते घरच्या कामातच मिसळलेलं. कुकरच्या शिट्ट्या मोजा. मटकी आणि हरभरे एकत्र झालेत, वेगळे करून द्या. पोळीच्या कणकेतला एक गोळा मुलाला द्या आणि त्याचा साप कर, मग बांगडी कर, असं सांगा.

यंदाही तसंच करायचं मनात आहे. अडचण अशी की २२ पैकी सात-आठ घरांतून कधीच काही उत्तर येत नाही. निरोप पोचतो, निळ्या खुणाही दिसतात, पुढे शांतता. त्या घरांपर्यंत तुम्ही कसे पोचता? ज्यांनी त्या दोन वर्षांत हे केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

हिंगणा_शिफ्टवाला
बाई, मी त्या उत्तर न देणाऱ्या बापांपैकी एक आहो म्हणून लिहितो. तुमच्या नाही, दुसऱ्या एका बालवाडीच्या ग्रुपवर आहो. मी हिंगणा एमआयडीसीत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. घरात चांगला फोन एकच, तो माह्या खिशात. रात्री आठचा निरोप येते तेव्हा मी मशीनवर असतो. सकाळी साडेसातले घरी येतो तोवर त्या निरोपावर साठ-सत्तर फोटो येऊन पडले असतात. खाली-वर करून शोधाचं कसं? फोनमधली जागा भरते, मंग बायको म्हणते हा ग्रुपच काढून टाका.

आणखी एक सांगतो, राग मानू नका. आमच्या ग्रुपवर रोज फोटो मागत होते, पोरानं काम केल्याचा पुरावा म्हणून. एक दिवस पोरानं बायकोसंग बसून सगळ्या तांदळातले खडे निवडले. इतका खुश होता! मी घरी आल्यावर बायको म्हणे फोटो राहून गेला. मंग आम्ही निवडलेल्या तांदळात पुन्हा खडे टाकले आणि त्याले म्हटलं, कर बरं परत. तो रडाले लागला. म्हणे, मी तर साफ केले होते. त्याच्या डोळ्यासमोर आम्ही त्याचं काम बिघडवलं होतं. तेव्हापासून मी तिथं काही पाठवतच नाही.

मानेवाड्याची_बाई
भाऊ, राग कशाचा? तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. फोटो मीही मागत होते. वरच्या कार्यालयात दाखवायला लागतात असं कारण असायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बघून समाधान वाटायचं. आता ठरवते : फोटो नकोच. त्याऐवजी घरच्यांनी एकच गोष्ट सांगायची, मूल करताना काय बोललं. तीही जमेल तेव्हा, हवं तर आठवड्यातून एकदा. आणि ग्रुपवर फक्त मी बोलेन, उत्तर माझ्या नंबरवर वेगळं द्यायचं, म्हणजे निरोप शोधावा लागणार नाही.

सदरची_डॉक्टर
मी बालरोगतज्ज्ञ आहे. शीर्षक वाचून धागा उघडला तो विरोध करायला. सुटीत मुलांना फोनपासून लांब ठेवा हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा बघण्याची वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, जितकी कमी तितकी चांगली. किमान तीन तास हालचाल आणि १० ते १३ तास झोप. नागपूरच्या मे महिन्यात ते तीन तास कुठून आणायचे हा प्रश्न आईबाप मला विचारतात तेव्हा मी सांगते : सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सातनंतर. दुपारी घरातल्या घरात पायरी चढणं-उतरणं, उशीवरून उड्या.

पण तुमची पद्धत वाचून वाटलं की फोन इथे मुलाच्या हातात नाहीच. तो आईच्या किंवा आजीच्या हातात आहे, आणि मुलाच्या हातात मटकी आहे. याला माझा काहीच आक्षेप नाही, उलट आनंद आहे. साथीच्या दोन वर्षांनंतर तीन वर्षं पूर्ण झालेली, तरी दोन शब्दही न जोडणारी मुलं माझ्याकडे पुष्कळ आली. घरात माणसं होती, फोनही चालू होता, पण मुलाशी कुणी बोलत नव्हतं. भाषा तयार होते ती देवाणघेवाणीतून. मूल काहीतरी म्हणतं, मोठं माणूस त्यावर काही म्हणतं, मूल पुन्हा म्हणतं. चित्रफीत मुलासाठी थांबत नाही, आजी थांबते. निरोपात एक वाक्य जरूर घाला : 'विचारल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसा, मुलाला उत्तर शोधू द्या.' आपण मोठी माणसं फार घाई करतो.

मानेवाड्याची_बाई
डॉक्टर, 'दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसा' हे उद्याच्या निरोपात घालते. मलाही त्याची गरज आहे.

धरमपेठ_शिक्षिका
आमच्याकडचं चित्र अगदी वेगळं आहे. मी एका खासगी शाळेच्या केजीला शिकवते. आमचे पालक उत्तर देत नाहीत असं होत नाही, उत्तर फार देतात. व्हिडिओवर वर्ग असताना मुलाला विचारलं की आई कानात उत्तर सांगायची. आम्हाला ते ऐकू यायचं, मुलालाही कळायचं की आपल्याला येत नाही असं आईला वाटतंय. शाळेनेही फी चालू होती म्हणून रोज वर्ग आणि रोज लिखाणाची पानं चालू ठेवली. साडेतीन वर्षांच्या मुलांची बोटं पेन्सिल घट्ट धरून पांढरी पडलेली मी पडद्यावर पाहिली आहेत.

मग आम्ही दोघी शिक्षिकांनी शनिवारी रात्री नऊला मुलं झोपल्यावर फक्त पालकांशी पंधरा मिनिटं बोलायला सुरुवात केली. तिथे पालकांच्या हाताने करून घ्यायचो. एकदा सगळ्यांना डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. अक्षरं वाकडी, ओळ सोडून खाली जाणारी. एक बाबा म्हणाले, मॅडम, मनगट दुखायला लागलं. मी म्हटलं, तुमच्या मुलाचं रोज असंच होतं. त्यानंतर 'ए टू झेड कधी लिहील' हा प्रश्न पुष्कळ कमी झाला, आणि लिखाणाच्या पानांऐवजी मटार सोलणं, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं, संत्रं सोलणं हे पालकांनी मान्य केलं. संत्रं तर आपल्या घरचंच. साल न तुटता काढायला बोटांना किती काम पडतं बघा. मग फोडी मोजायच्या, बिया वेगळ्या मोजायच्या, आणि दोन भावंडांत सारख्या वाटायच्या. दहाच्या जागी अकरा फोडी निघाल्या की खरं गणित सुरू होतं.

अंगणवाडी_ताई
मी उत्तर नागपुरात अंगणवाडी सेविका आहे. तुमच्या सगळ्यांचं फोनवर चाललंय, ज्यांच्याकडे साधा फोन हाय त्यांचं काय? आमच्याकडे तेव्हा अर्ध्या घरात साधे फोनच होते. अंगणवाडी बंद होती पण कोरडा शिधा वाटाचा होता. गहू, डाळ, हरभरा घेऊन आम्ही दारोदार जात होतो. लोक विचारतात तुम्ही तेव्हा मुलांपर्यंत कशा पोचल्या, तर शिध्याच्या पिशवीसंग पोचलो.

दारात उभं राहून पाच मिनिटं बोलता येत होतं, तोंडाले रुमाल बांधून. मी खडू घेऊन जात होती. घरापुढच्या ओट्यावर तीन गोल काढाची, मोठा, मधला, लहान. लेकराले सांगाची, अंगणातले गोटे जमा कर आणि ज्याच्या त्याच्या गोलात ठेव. एका घरी पुढच्या खेपेले गेली तर गोल पुसले नव्हते. आजीनं त्याच्या बाजूले ठिपके काढून ठेवले होते, रांगोळीचे, चार बाय चार, आणि पोरगी त्यावर बोट फिरवून फिरवून रेघा जोडत होती. आजी म्हणे, तुमचे गोटे संपले बाई, मंग मी माह्या मनानं दिलं. त्या आजीले सही करता येत नाही, अंगठा देते. पण पोरीले काय द्यावं ते तिले बरोबर समजलं.

उत्तर न देणाऱ्या घरी एकदा चालत जा. सुटी लागायच्या आधी जा. काही सांगू नका, पाणी प्या आणि विचारा तुमचं लेकरू घरी काय काय करते. नंतर फोन करसाल तर तो माणूस उचलेल.

निवृत्त_प्रशिक्षिका
ताईंचं वाचून फार बरं वाटलं. 'अंगणवाडी' हा शब्द आज आपण सरकारी केंद्रासाठी वापरतो. ही केंद्रं ज्या योजनेतून आली ती केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पण त्यामागची कल्पना त्याहून जुनी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. वस्तीवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायका बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. साहित्यही तिथलंच : बिया, शंख-शिंपले, पानं, माती. बाहेरून आणलेलं महाग सामान त्यांना परवडणारं नव्हतं, आणि मुलांच्या ओळखीचंही नव्हतं.

तुम्ही फोनवरून करता ते याच जातीचं काम आहे, म्हणून एक विनंती. 'हे साहित्य आणा' असं निरोपात कधी येऊ देऊ नका. रंगीत कागद, मणी, गोंद यांची यादी गेली की ज्या घरात ते नाही ते घर त्या दिवशी गप्प होतं, आणि दुसऱ्या दिवशीही गप्पच राहतं.

मानेवाड्याची_बाई
अगदी खरं. मला आता आठवतं, पहिलं घर गप्प झालं ते क्रेपच्या कागदाच्या दिवशी.

ताईंनी आजीचं सांगितलं त्यावरून दोन गोष्टी सांगते. ऑगस्ट २०२० चा तान्हा पोळा. बाहेरगावच्या वाचकांसाठी : आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा असतो, भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला. मुलं लाकडी नंदी सजवून मिरवतात, घरोघरी जातात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे घेतात. त्या वर्षी मिरवणूक नव्हती. मी निरोप पाठवला : घरात जे असेल त्याचा बैल करा, आणि तुमच्या घरात ज्यांनी खरा बैल सांभाळलाय त्यांना बोलू द्या.

मला वाटलं होतं पाच-सहा उत्तरं येतील. सतरा घरांतून आली, आणि बोलणारे बहुतेक आजोबा. आमच्या वस्तीतले बरेच लोक भंडारा, उमरेड, काटोलकडून येऊन इथे स्थिरावलेले. एक आजोबा कधीच ग्रुपवर नव्हते. त्यांनी नातवाच्या पुठ्ठ्याच्या बैलावर हात ठेवून एकेक सांगितलं : हे वशिंड, ही वेसण, हा कासरा, ही झूल, ही घुंगरमाळ. नातू मागून म्हणत होता. मध्येच आजोबांचा आवाज बसला. त्यांची जोडी विकून ते नागपूरला आले होते. नातवाने विचारलं, 'बैलाचं नाव काय होतं?' आणि आजोबांनी दोन्ही नावं सांगितली. घरात त्या मुलाला ती नावं तोवर कुणी सांगितली नव्हती. शब्दसंपत्ती वाढवा असं आमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तर एका दुपारी त्या मुलाला दहा नवे शब्द मिळाले आणि ते जन्मभर राहतील. त्याचा बैल कानाशिवाय होता, ते आजोबांनी सांगितलंच नाही, त्यालाच कळलं आणि त्याने कान लावले.

दुसरी गोष्ट छत्तीसगढहून आलेल्या एका घराची. नवरा-बायको दोघं बांधकामावर. माझे निरोप मराठीत, त्यामुळे ती बाई ऐकून सोडून द्यायची. मला हे समजायला चार महिने लागले. मग मी मोडक्या हिंदीत फोन करून म्हटलं, तुम्ही लहान असताना कोणता खेळ खेळायच्या तो मला शिकवा. तिने जमिनीवर पालथे पंजे ठेवून बोटं मोजायचा खेळ सांगितला, गाण्यासकट. आपल्याकडेही तसाच खेळ आहे. आपल्या गाण्यात चवळी येते, तिच्यात दही. तिचा आवाज मी तिला विचारून सगळ्यांना पाठवला. आठवडाभर मानेवाड्याची पोरं छत्तीसगढी बोलत होती. त्यानंतर ती बाई आपणहून निरोप पाठवू लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेचा आग्रह आहे, तो मी कितीदा वाचला होता. पण घरची भाषा वर्गात आणायची तर ती बोलणाऱ्या आईला आधी बोलावावं लागतं, हे मला त्या फोनवर समजलं.

हिंगणा_शिफ्टवाला
बाई, बैलाचं वाचून माह्या बापाची आठवण आली. त्याले विचारतो आज. तो कळमेश्वरकडं राहते, पोराशी फोनवर काय बोलावं त्याले समजत नाही, 'जेवला का' म्हणते आणि ठेवून देते. आता सांगतो की बैलाबद्दल सांग.

सदरची_डॉक्टर
भाऊ, हे जरूर करा, आणि जमलं तर व्हिडिओवर. पलीकडे ओळखीचं माणूस असतं, मुलाचं ऐकून उत्तर देतं, तेव्हा तो कार्टूनसारखा एकतर्फी प्रकार राहत नाही. फक्त वस्तू हातात ठेवून बोलायला सांगा. आजोबांच्या हातात घुंगरू, नातवाच्या हातात त्याचा बैल. नुसत्या तोंडाकडे बघून चार वर्षांचं मूल दोन मिनिटांत कंटाळतं.

धरमपेठ_शिक्षिका
मानेवाड्याच्या बाई, एक विचारते. आठवड्याला सात कामं का? आमच्याकडे रोजचं काम दिलं की दोन दिवस चुकलेले पालक ओशाळून तिसऱ्या दिवशीही करत नसत. आम्ही नंतर आठवड्याला दोनच दिली, आणि तीच पुन्हा पुन्हा करा म्हणून सांगितलं. मुलांना तर तेच तेच आवडतं.

मानेवाड्याची_बाई
बरोबर आहे, दोनच देते. सोमवारी आणि गुरुवारी. वेळही बदलते. रात्री आठला एकदा पाठवेन आणि तोच निरोप सकाळी सातला पुन्हा वर आणेन, रातपाळीवाल्यांसाठी. साधा फोन असलेल्या पाच घरांना मी स्वतः फोन करून तोच निरोप सांगेन, तीन-तीन मिनिटं. आणि येत्या रविवारी संध्याकाळी उन्हं उतरली की त्या सात-आठ घरी जाऊन येते. ताई, तुम्ही म्हणालात तसं पाणी पिऊन.

पहिला निरोप असा ठरवलाय : 'घरात माठ धुऊन भरायचा असेल तेव्हा मुलाला सोबत घ्या. किती तांबे लागले ते मोजू द्या. भरल्यावर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी माठाला हात लावून बघायला सांगा. काय वाटतं ते विचारा, आणि दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसा.' कसा वाटतो?

अंगणवाडी_ताई
मस्त हाय. माह्या अंगणवाडीतही देतो हाच. माठाखाली रेती ठेवतात घरोघरी, ती ओली होते तेही पाहाले सांगा.

हिंगणा_शिफ्टवाला
बाई, मी तुमच्या ग्रुपवर नाही पण तुमचा निरोप इथून वाचून काल आम्ही माठ भरला. एकोणीस तांबे लागले. पोरगा अठरा म्हणते, एक सांडला तो त्यानं धरला नाही. आज सकाळी पाळीवरून आलो तर तो माठाजवळच बसून. माह्या हात धरून माठाले लावला आणि म्हणे, 'बाबा, माठाले घाम येऊन राहिला. त्याले पण गरम होते का?' मी दहा मोजले. मंग त्यानंच आपल्या कपाळाले हात लावून पाह्यला, मंग पुन्हा माठाले, आणि म्हणे, 'पण माठ तर थंडा हाय.' आता तो दुपारची वाट पाहून राहिला, पुन्हा हात लावाले.